तुळईवरची तीन नावं

प्रिय बाबा,

सप्रेम जय भीम.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, “तुझ्या शाळेच्या भिंतीला हात लावू देतात का गं तिथले लोक?” मी म्हटलं, देतात की. मग आईनं मागून सांगितलं की तुम्ही नवा स्वेटर आणलाय, रोज घालून आरशात बघता आणि घाम फुटला की काढून ठेवता. मी हसले. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पाणी वाटायची तुमची पाळी आटोपली की निघायचं, माझ्या शाळेचं उद्घाटन बघायचं, असं आपलं ठरलं होतं. बाबा, ऑक्टोबरात येऊ नका. कारण फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेतला. मी ज्यांच्या घरी राहते ते प्रल्हादकाका भाचीच्या लग्नाला नागपूरला येतायत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. धाकट्या आयुषकडून वाचून घेऊ नका. वेळ लागला तरी चालेल, चष्मा लावून स्वतःच वाचा.

तुमच्याच हातची अक्षरं आहेत ही. शाळेत नाव घालायच्या आधी तुम्ही मला कामावर न्यायचात, आठवतं? आई डोक्यावरून माल वाहायची आणि मी वाळूच्या ढिगावर. गिलावा ओला असताना तुम्ही थापीच्या टोकानं भिंतीवर एक अक्षर काढायचात, मी वाचलं की रंधा फिरवून पुसायचात, मग पुढचं. ‘ज’ मी बजाजनगरच्या एका बंगल्याच्या जिन्यात शिकले. कुणी बघायच्या आत पुसायची घाई असायची तुम्हाला. मला वाटायचं, भिंतीच्या आत सगळी अक्षरं तशीच आहेत, वरून फक्त पांघरूण घातलंय. एकदा एका कॉलेजची इमारत पुरी झाल्यावर तुम्ही मला मुद्दाम बघायला घेऊन गेलात. मी दारातल्या संगमरवरी पाटीवर तुमचं नाव शोधत राहिले. मंत्र्याचं होतं, संस्थेच्या अध्यक्षांचं होतं, ठेकेदाराचं होतं. विचारल्यावर तुम्ही म्हणालात, “दगडावर जागा कमी असते, बेटा.” तुम्हाला ते वाक्य आठवतही नसेल. मला ते इथवर पुरलं, आणि त्यापायीच माझ्या हातून एक गोष्ट घडली.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. मी इंजिनियर आहे एवढंच तुम्ही वस्तीत सांगता. ट्रेंटनच्या बाजूला एका सरकारी शाळेला नवा भाग जोडतायत, नवीन वर्ग आणि खेळाचं मोठं सभागृह. ते काम आमच्या कंपनीकडे आहे. एडिसनहून रोज पहाटे गाडी काढायची आणि दिवसभर साइटवर फिरून काम ठरल्यासारखं होतंय का ते बघायचं, फोटो काढायचे. पहिल्या दिवशी डोक्यावर हेल्मेट घालून परांचीखाली उभी राहिले, तेव्हा वरून थापीच्या मुठीनं वीट बसवल्याचा ठक-ठक आवाज आला. वर बघितलं तर एक बाई. काळी, पन्नाशीची, हातमोज्यांची बोटं कापलेली. तिचं नाव योलांडा.

गवंडीकाम करणारी बाई मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. आपल्याकडे बायकांनी घमेली वाहायची, थापी पुरुषाच्या हातात. मी तिला तुमच्याबद्दल सांगितलं, तर ती जेवायच्या सुट्टीत मला स्वतःशेजारी बसवायला लागली. इथे विटा भिजवत नाहीत हे मी तुम्हाला कळवलं होतं आणि तुम्ही चिडला होतात, आठवतं? ते मी तिला सांगितलं, तर हसून म्हणाली, “तुझ्या बाबांना सांग, इथल्या विटा घरूनच आंघोळ करून येतात.” त्यानंतर रोज सकाळी विचारायची, आज तुझे बाबा कशावर रागावले? तुम्हा दोघांची भेट घडवायची असं माझ्या मनात होतं. भाषा नसती तरी चाललं असतं. तिनं थापी दाखवली असती, तुम्ही तुमची काढली असतीत.

तिचा बापही गवंडी होता. त्याला इथल्या युनियननं शेवटपर्यंत सभासदाचं कार्ड दिलं नाही. आपल्या वस्तीत माणूस गवंडी होतो तो दुसरं काही मिळत नाही म्हणून. इथे उलटं आहे, बाबा. युनियनच्या गवंड्याचं स्वतःचं घर असतं, म्हातारपणी पेन्शन असतं. म्हणून हे काम बापानं मुलाला, काकानं पुतण्याला द्यायचं, आणि काळ्या माणसाला सांगायचं की जागा झाली की कळवू. योलांडाला कार्ड मिळालं ते तिनं बरीच वर्षं मागितलं म्हणून. आमच्या साइटवर गवंड्यांची मोठी टोळी होती. त्यात काळे तिघंच, ती, वॉल्टर नावाचे एक वयस्कर गृहस्थ आणि डेरेक.

आता मुख्य गोष्ट. सरकारी पैशाच्या इमारतीवर कामाचा ठरावीक वाटा काळ्या आणि इतर मागे ठेवलेल्या लोकांना मिळाला पाहिजे असा नियम आहे. आपल्याला असे नियम नवे नाहीत, आणि त्यांना बगल कशी देतात तेही नवं नाही. वीटकामाच्या ठेकेदाराचं त्याच वेळी एका खाजगी गोदामाचंही काम चालू होतं. तिथे मजुरी कमी, पेन्शनमध्ये भर नाही. या तिघांना तो बहुतेक दिवस तिकडे पाठवायचा, आणि सरकारी तपासणीस येणार असं कळलं की आदल्या दिवशी शाळेवर आणायचा. तपासणीस त्यांना बघून जायचा. दोन दिवसांनी तिघं परत गोदामावर, ब्लॉक उचलायला. हिशेबात मात्र ते पूर्ण वेळ आमच्या शाळेवर. योलांडा म्हणायची, आम्ही सोंगट्या आहोत, जिथे दाखवायचंय तिथे हलवतात. मी हे आमच्या साइटचा मुख्य, केविन, त्याला विचारलं. तो म्हणाला, माणसं ठेकेदाराची आहेत, आपण भिंत बघायची. मी तरी माझ्या रोजच्या टिपणात लिहीत राहिले की आज ते तिघं नव्हते. ती टिपणं कुणी वाचली की नाही कोण जाणे.

इथल्या बांधकामाचा एक रिवाज आहे. आपल्याकडे स्लॅब पडला की नारळ फोडून मजुरांना जेवण घालतात ना, तसा. शेवटची लोखंडी तुळई चढवायच्या आधी तिला पांढरा रंग देतात, आणि ज्याचा ज्याचा हात त्या कामाला लागला तो तिच्यावर स्वतःचं नाव लिहितो. मग तिला झेंडा आणि एक लहानसं हिरवं झाड बांधून क्रेननं वर चढवतात. तुळई छतात कायमची राहते. मार्चमध्ये आमची तुळई निघाली, तेव्हा सकाळपासून नुसती जत्रा होती. लोखंडवाले, वायरवाले, नळवाले, शाळा मंडळाचे लोक, सगळ्यांनी नावं लिहिली. गाडीवर कॉफी विकणाऱ्यानंही लिहिलं. योलांडा, वॉल्टर आणि डेरेक त्या दिवशी गोदामावर होते.

संध्याकाळी सगळे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळई वर जाणार होती. मी एकटी तिच्यापाशी उभी होते, आणि मला ती कॉलेजची पाटी दिसायला लागली. दगडावर जागा कमी असते. इथे तर जागा होती, बाबा. मी खिशातलं मार्कर काढलं आणि तिघांची नावं लिहिली. तिन्ही एकाच हातची दिसली तर हजेरी घेतल्यासारखं वाटेल म्हणून वेगवेगळी लिहिली. योलांडा पहिल्या अक्षराला लांब शेपटी काढते, तशी काढली. वॉल्टर सगळी अक्षरं मोठी लिहितात, तशी लिहिली. इतकी काळजी घेतली मी. घरी येताना गाडीत मला रडू येत होतं, आनंदानं.

पुढच्या तपासणीला तिघं आले. योलांडा सभागृहात मान वर करून तुळईवरची नावं वाचत उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “हे कुणी केलं?” मी अंगणात रांगोळी काढलेल्या पोरीसारखी पुढे झाले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली (माझ्या नावाचं तिनं जॅग केलंय), “जॅग, मी इथे नव्हते हेच तर मला सांगायचं होतं.” राज्याच्या एका खात्याकडे तिघांनी मिळून तक्रार दिली होती, नुकतीच. मला ठाऊक नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं ना काही.

मग जे व्हायचं ते झालं. कंपनीनं तुळईचा फोटो मोठा करून साइटच्या कुंपणावर लावला, ‘आम्ही सगळे मिळून बांधतो’ असं खाली लिहून. योलांडाचं नाव बरोबर मधोमध, लांब शेपटीसकट. चौकशी सुरू झाली तेव्हा ठेकेदाराच्या वकिलानं तोच फोटो पुढे केला. हे लोक म्हणतात आम्हाला शाळेवर येऊ दिलं नाही, मग ही नावं काय वाऱ्यानं लिहिली? रिवाजच असा की जो हजर तोच लिहितो. उन्हाळ्यात योलांडाला कामावरून काढलं. वॉल्टर म्हणाले, माझं वय झालंय, मला आता भांडण नको, आणि त्यांनी तक्रारीतून नाव काढून घेतलं. डेरेक बहिणीकडे दक्षिणेत, जॉर्जियाला निघून गेला. योलांडा एकटी उरली. सध्या ती एका हॉस्पिटलात फरशा पुसते. थापी तिच्या गाडीच्या डिकीत असते. मी एकदा भेटायला गेले, तर तिनं मला घरात घेतलं, कॉफी दिली. पण आज तुझे बाबा कशावर रागावले, हे काही तिनं विचारलं नाही.

विचारलं असतं तर मी सांगितलंही असतं. तुमची ती गोष्ट मला तिच्याच घरी आठवली. बुटीबोरीच्या कामावर मुकादम गैरहजर बायकांच्या नावापुढे स्वतःचा अंगठा उठवायचा. तो वाईट माणूस नव्हता, हे तुम्हीच सांगायचात. त्यांचा दिवस बुडू नये म्हणून करतो म्हणायचा. तरी तुम्ही भर कामावर त्याचा हात धरलात. “अंगठा ज्याचा त्याचा असतो,” म्हणालात. त्यावरून तुमचं काम गेलं आणि आपण तो सबंध पावसाळा मामाकडे काढला. बाबा, ज्याचा हात तुम्ही धरला होतात, तो हात माझा निघाला. मी तिला जीव लावून तिचा अंगठा उठवला.

सुनावणीच्या आधी योलांडानं मला फक्त एक विचारलं, तू सांगशील का? मी हो म्हटलं. आणि ते केविनला आधी सांगून टाकलं, कारण कुणाच्या पाठीमागून काही करायचं नाही असं तुम्ही शिकवलंय. तो आवाज न चढवता बोलला. म्हणाला, तू चांगली मुलगी आहेस, घरचं तुझ्यावर आहे. मंगळवारी तू तिकडे गेली नाहीस तर बुधवारी नेहमीसारखी कामावर ये. गेलीस तर येऊ नकोस. आणि मग, जणू आत्ताच आठवल्यासारखं, “तुझा व्हिसा आमच्याकडूनच आहे ना?” तो त्यांच्याकडूनच आहे. नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाही तर परत फिरायचं.

प्रल्हादकाकांच्या बायकोला, शुभाकाकूंना, मी सांगितलं. त्यांच्यापासून लपवणं मला जमत नाही. त्या मायेनं वागतात, मला ताप आला होता तेव्हा उशाशी बसल्या होत्या. पण हे ऐकून म्हणाल्या, “अगं, आपण इथे पाहुणे. त्या लोकांच्या भानगडीत तू कशाला पडतेस? त्यांचं ते बघून घेतील.” ‘ते लोक’ हे शब्द मी कुठेही ओळखते, बाबा. ते म्हणताना आवाज किती गोड असू शकतो तेही ओळखते. मी ताट धुऊन वर गेले.

मंगळवारी मी सुनावणीच्या खोलीत गेले आणि सांगितलं, ती तिन्ही नावं माझ्या हातची आहेत, ते तिघं त्या दिवशी तिथे नव्हते. माझी नोकरी गेली. शाळेचं उद्घाटन होईल तेव्हा मला कुंपणाच्या आत कुणी घेणार नाही, मग तुम्हाला कोण घेणार? म्हणून येऊ नका म्हणते. योलांडाचं काम तिला परत मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळालं तरी ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलेल असं नाही. ते मागायचा मला हक्क नाही. उशीर झाला तरी नाव ज्याचं त्याला परत देता येतं का, एवढंच करून बघायचं होतं.

आता एक खरं सांगते. वरचा मजकूर सगळा खरा आहे, एक परिच्छेद सोडून. आज सोमवार आहे. दुपारची वेळ, काकूंच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे आणि वर काका बॅगा भरतायत. मी अजून कुठेही गेलेली नाही. नोकरी अजून आहे, व्हिसा आहे, तुमचं तिकीटही आहे, आणि उद्या मी नुसती घरी बसून राहिले तर तुम्हाला शाळा दाखवता येईल. सकाळपासून किती वेळा तसंच मनात आलं, ते लिहायचीही लाज वाटते. फोन केला असता तर तुम्ही फक्त “बरं” म्हणाला असतात, आणि त्या “बरं”मध्ये मला तुमचा स्वेटर दिसला असता. म्हणून हे पत्र. आत्ता पाकीट चिकटवून काकांच्या बॅगेत तळाशी ठेवते. ते रात्रीच्या विमानानं निघतील आणि मी उद्याचं आजच तुम्हाला सांगून बसलेली असेन. दुसऱ्याचं नाव त्याच्याआधी लिहून मी एकदा चुकले. या वेळी स्वतःचं लिहिते आहे. तुमच्याशी मी कधी खोटं बोललेली नाही, बाबा, त्यामुळे आता मला जावंच लागेल. शाळेच्या पूर्वेच्या दाराशी, फुटपाथला लागून, जमिनीपासून छातीपर्यंतच्या विटा योलांडानं बसवल्यात. तिथे हात लावायला कुणाची परवानगी लागत नाही. उद्या जाताना मी तिथे थांबेन आणि तुमच्या वतीनं लावेन. लावू ना? हे मात्र तुम्हाला आधी विचारते आहे, उत्तर यायच्या आत वेळ निघून जाणार असली तरी. स्वेटर दुकानात परत देऊ नका. थंडीत मी घरी आले तर विमानतळावर तोच घालून या.

तुमचीच,
जागृती